खड्याचं कडक अंग

लग्नाच्या बाजारात माझा भाव आयुष्यात एकदाच वर गेला, आणि तोही गैरसमजातून. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मला तुर्भ्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि आईने कोपरखैरण्याच्या आमच्या सोसायटीत जाहीर करून टाकलं, "आमचा हिऱ्यांच्या कंपनीत आहे." दोन महिन्यांत चार स्थळं आली. एका मुलीच्या मामाने तर चहा पिता पिता माझ्या बोटांकडे इतकं निरखून पाहिलं की मी हात मांडीखाली घेतले.

आई खोटं बोलत नव्हती. कंपनी हिऱ्यांचीच होती, फक्त ते हिरे बोटात घालायचे नव्हते. वर्कशॉपमधलं ग्राइंडिंगचं दगडी चाक वापरून वापरून वेडंवाकडं झालं की त्याला पुन्हा सरळ करायला एक हत्यार लागतं. एक पोलादी दांडी आणि तिच्या टोकाला बसवलेला एक हिरा. त्याला ड्रेसर म्हणतात. आमच्याकडे हे ड्रेसर बनायचे. हिरे असायचे तपकिरी, मळकट, ज्वारीच्या दाण्याएवढे. गुळाच्या ढेपेचा चुरा समजून मुंगी लागेल असे. पहिल्या दिवशी मालक दामलेसाहेबांनी पुडी उघडून माझ्यासमोर ठेवली तेव्हा मी नम्रपणे विचारलं होतं, "आणि हिरे कुठे आहेत, सर?"

मी बी.एस्सी. फिजिक्स. हुद्दा क्वालिटी इन्स्पेक्टर. हिऱ्याचा वक्रीभवनांक दोन पूर्णांक बेचाळीस, हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता यायचं. प्रकाश आत शिरला की तो बाहेर पडायच्या आधी किती वेळा आतल्या आत परततो, याची आकृती मी स्केलशिवाय काढायचो. एवढं ज्ञान घेऊन मी ज्या माणसाच्या कामावर शिक्का मारायला नेमला गेलो, त्यांचं शिक्षण दुसरी नापास होतं.

त्यांचं नाव जोमा भोईर. सगळा कारखाना त्यांना जोमाकाका म्हणायचा. साठीला आलेले, अंगाने काटक, पायाचे पंजे मात्र कमालीचे रुंद. तरुणपणी वर्षानुवर्षं मिठागराच्या खारट चिखलात उभं राहून बोटं फाकलेली. बाजारातली कुठलीही चप्पल त्या पायांना झाली नाही, म्हणून ते कारखान्यात अनवाणीच असायचे. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं भिंग. मशीन हॉलच्या कोपऱ्यात, उत्तरेच्या खिडकीखाली, एक लाकडी टेबल आणि एक स्टूल होतं. ती जागा सेटरची, म्हणजे दांडीत खडा बसवणाऱ्याची. कारखान्यातले बाकी सगळे जण जे करायचे ते कुणालाही शिकवून करता आलं असतं. खडा कुठल्या अंगाने वर ठेवायचा, हे मात्र फक्त त्या स्टुलावर बसणाऱ्याला कळायचं.

हिऱ्याची गंमत अशी की तो सगळ्या बाजूंनी सारखा कठीण नसतो. एका अंगाने तो चाकाशी महिनोन् महिने झुंजतो, दुसऱ्या अंगाने आठवड्यात झिजतो. जोमाकाका त्याला कडक अंग आणि मऊ अंग म्हणायचे. हिरा हा शब्द मात्र ते कधी उच्चारत नसत. खडाच म्हणायचे. "हिरा बोललू की मानूस त्याचेकडं बगत बसतं. खडा बोललू की कामाला लागतं."

माझ्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बोलावलं. पांढऱ्या कागदावर सात खडे मांडून ठेवले होते. म्हणाले, "यातला सगल्यात चांगला कंचा, उचल."

सहा मळकट होते आणि एक लखलखत होता. मी तोच उचलला आणि का उचलला तेही समजावून सांगितलं. वक्रीभवन, क्रांतिक कोन, प्रकाशाचं अपस्करण, सगळं. मशीनवरचा संपत लेथ बंद करून ऐकायला आला. जोमाकाकांनी शेवटपर्यंत मान डोलवली.

"जाला तुजा?" त्यांनी विचारलं. मग एकेक खडा चिमट्याने उचलून खालच्या ओठाला लावत गेले. सहा झाले. सातव्याला त्यांनी तोंड वाकडं केलं. "यो गरम हाय."

"गरम?"

"माजे सुनंचे चमकीतला हाय. जत्रंन घेतलेली."

खरा खडा ओठाला गार लागतो, कारण तो अंगातली ऊब चटकन ओढून घेतो. हेही मला ठाऊक होतं. उष्णतावहनावर मला दहापैकी नऊ मार्क होते. पण आपल्याला ओठ आहे, आणि तो या कामी येऊ शकतो, हे कुठल्या पुस्तकात छापलेलं नव्हतं. त्या दिवशी मला कळलं की जोमाकाका सकाळी साडेदहापर्यंत चहाला शिवत का नाहीत. चहाने ओठ तापला की तो खोटं सांगतो म्हणे. संपत सातारचा. तो म्हणाला, "सायेब, काकाचा वठ म्हंजी कंपनीचं मशीन हाय. तुमी निस्ता शिक्का मारा."

मी शिक्का मारू लागलो.

ते सेटर कसे झाले, त्याचीही एक हकिगत होती. त्यांचं मिठागर सरकारने नव्या शहरासाठी घेतलं. त्याच्या बदल्यात त्यांना मिळाली कारखान्याच्या गेटवरची वॉचमनकी. आत तेव्हा सुरतेचा एक कारागीर खडे बसवायचा. जोमाकाका डबा खायच्या सुट्टीत त्याच्या मागे जाऊन उभे राहायचे, काही न बोलता. असं तीन वर्षं. एका दिवाळीला तो कारागीर गावी गेला तो परत आलाच नाही. दामलेसाहेब डोक्याला हात लावून बसले असताना हे गेटवरून उठून आत आले आणि म्हणाले, "मी बसतंय."

"तुम्हाला काय कळतं त्यातलं?" साहेबांनी विचारलं.

"माजा बाप मीठ पिकवायचा, मी पन पिकवला. मिठाचा खडा चौकोनी फुटतं, यो तिकोनी फुटतं. बाकी दोगांचा सबाव सारकाच."

ते खरंच होतं. मी पुढे पुस्तकात ताडून पाहिलं. जमिनीच्या पोटातून आलेला हिरा आणि खाडीच्या पाण्यातून आलेलं मीठ, दोघांनाही फुटायच्या ठरलेल्या रेघा असतात. ज्याने लहानपणापासून मिठाची ती रेघ पाहिली, त्याने हिऱ्याची ओळखली. मला ही गोष्ट कॉलेजात तीन तास लावून शिकवली होती आणि तरीही ती डोक्यात शिरली नव्हती, याचा पुरावा मी लवकरच दिला.

एका मोठ्या कारखान्याचे दोन खरेदी अधिकारी आमचा माल बघायला आले. दामलेसाहेबांनी मला पुढे केलं. "आमचे फिजिसिस्ट," अशी ओळख करून दिली. हा शब्द ऐकून माझं भान सुटलं. जगातला सर्वांत कठीण पदार्थ, दहापैकी दहा, असं व्याख्यान देता देता मी पुडीतला एक बऱ्यापैकी मोठा खडा ऐरणीवर ठेवला आणि हातोडा उचलला. जोमाकाका स्टुलावरून अर्धे उठले. "पोरा, अरं, कठीन हाय म्हून..."

मी हाणला.

कठीण असणं म्हणजे ओरखडा न पडणं. न फुटणं ही सर्वस्वी वेगळी गोष्ट. योग्य रेघेवर घाव पडला तर हिरा खडीसाखरेसारखा दुभंगतो, आणि आयुष्यात मला कधीही कुठलीही रेघ इतकी बरोबर सापडली नव्हती. एक तुकडा ऐरणीवर राहिला, दुसरा उडाला.

खडा पडला की आमच्याकडे एक रिवाज होता. कुणीही जागचं हलायचं नाही. लेथ बंद, पंखे बंद, ज्याचा पाय जिथे आहे तिथे. कारण उडालेला खडा बुटाच्या तळव्यात रुतून थेट रस्त्यावर जातो. जोमाकाकांनी "हलू नका" म्हटलं आणि ते दोन अधिकारीही एका पायावर थिजले. मग त्यांना वर्तमानपत्रावर उभं करून बूट काढायला लावलं. एकाच्या मोज्याचा अंगठा फाटलेला होता आणि तो पूर्ण वेळ माझ्याकडे बघत होता. दामलेसाहेब कुणाकडेच बघत नव्हते.

जोमाकाकांनी सगळी जमीन हाताने झाडली. केर पाण्याच्या घमेल्यात कालवला. लेथच्या डब्यातलं ग्रीस एका पत्र्यावर बोटाने सारवलं, पत्रा तिरका धरला आणि संपतला केराचं पाणी हळूहळू वरून सोडायला सांगितलं. लोखंडाचा कीस, वाळू, विडीचं थोटूक, सगळं वाहून गेलं. पत्र्याच्या मधोमध एक तपकिरी ठिपका चिकटून राहिला.

"याला पानी आवडत नाय. याला त्याल आवडतं," जोमाकाका पाहुण्यांना म्हणाले आणि तुकडा ग्रीससकट त्यांच्यापुढे धरला.

मोजा फाटलेले अधिकारी एवढे खूश झाले की त्यांनी ते पुन्हा एकदा करून दाखवायला सांगितलं. ऑर्डर मिळाली. जाताना त्यांनी जोमाकाकांशी हात मिळवला आणि मला म्हणाले, "तुम्ही छान बोलता." दोन तुकड्यांचे काकांनी दोन लहान ड्रेसर केले. मला ते कधी एका शब्दानेही बोलले नाहीत. फक्त पुढचा महिनाभर मी हातोड्याजवळून गेलो की संपत मोठ्याने "हलू नका" म्हणायचा.

एवढं होऊनही माझी मस्ती उतरली नाही, उलट वाढली. कारण त्यानंतर वर्षभराने जोमाकाका मला विचारून काम करू लागले.

खड्याच्या गुळगुळीत अंगावर निसर्गानेच कोरलेले बारीक त्रिकोण असतात. साध्या डोळ्याला ते दिसत नाहीत, भिंगातून दिसतात. त्या त्रिकोणांचं टोक कुणीकडे आहे ते पाहून सेटर कडक अंग ठरवतो. सगळी विद्या त्यातच. एके दिवशी काकांनी मला हाक मारली, भिंग हातात दिलं आणि विचारलं, "बग रं, टोक कंचे अंगाला हाय?"

मला धन्य वाटलं. ज्या माणसाला कुणाला विचारायची गरज नाही, तो माझं मत घेतो आहे! मी भिंग डोळ्याला लावलं, दुसरा डोळा घट्ट मिटला, श्वास रोखला. दिसली ती माझीच पापणी. भिंग मागेपुढे केलं, तर एक तपकिरी अंधार. पण 'दिसत नाही' असं म्हणायला जीभ वळेना. मी फिजिसिस्ट होतो. गंभीरपणे म्हणालो, "डावीकडे, काका."

त्यांनी खडा डावीकडे वळवून बसवला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक. मग रोजच. मी कधी डावीकडे म्हणायचो, कधी उजवीकडे, आणि संशय येऊ नये म्हणून मधूनच "खालच्या अंगाला, जरासं तिरकं." घरी मी आईला सांगितलं की काकांनी मला शिष्य म्हणून निवडलंय. आईने ते सोसायटीत सांगितलं. पाचवं स्थळ आलं.

तीन-चार महिन्यांनी माल परत येऊ लागला. ड्रेसर लवकर झिजतात, अशी तक्रार. आधी दोन, मग डबाभर. दामलेसाहेबांनी एक दिवस मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर परत आलेल्या दांड्यांचा ढीग आणि त्यांचा मायक्रोस्कोप होता.

"सगळे मऊ अंगावर बसवलेत," ते म्हणाले. "म्हाताऱ्याचा हात गेला. या महिन्यानंतर त्याला परत गेटवर पाठवतो. सुरतेला माणूस बघायला सांगितलाय. तू काही बोलू नकोस त्याला, मीच सांगेन."

मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं आणि बोललो नाही, हे मी इथे स्वच्छ लिहून ठेवतो. त्या ढिगातली एकेक दांडी माझ्या 'डावीकडे'ची आणि 'उजवीकडे'ची होती. माझ्या फुशारकीपायी त्या माणसाचं स्टूल जाणार होतं. आणि गेट म्हणजे त्यांना काय होतं ते मला माहीत होतं. गेटवरच्या खुर्चीतून समोर भराव घातलेलं मैदान दिसायचं, तेच त्यांचं मिठागर. एकदा ते मला म्हणाले होते, "आत बसलू की मी कारागीर हाय. गेटवर बसलू की जमीन गेलेला मानूस."

दोन दिवस मी शिक्के उलटे मारत होतो. रविवारी सकाळी उठून त्यांच्या गावी गेलो. गाव म्हणजे नव्या इमारतींच्या मधे अडकलेलं जुनं गाव. काका ओट्यावर बसून जाळं दुरुस्त करत होते. जाळं म्हणजे नातवाचं बॅडमिंटन खेळायचं नेट. सूनबाईंनी चहा आणून दिला. त्यांच्या नाकात चमकी होती, मी नजर वळवली.

"काका," मी म्हणालो, "मला त्रिकोण दिसत नाहीत. एकदाही दिसले नाहीत. मी मनाने सांगत होतो."

त्यांनी जाळं खाली ठेवलं नाही. सुई नेटच्या भोकात घालायला गेले, ती बाजूने गेली. पुन्हा घातली, पुन्हा बाजूने. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो आत शिरायला एवढा वेळ लागला होता. मी त्यांच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं. दोन्ही बुबुळांवर दुधाची साय धरली होती.

त्यांनी मला शिष्य म्हणून निवडलं नव्हतं. त्यांना दिसत नव्हतं म्हणून त्यांनी माझे डोळे घेतले होते.

"मना वाटला, तू बी.एस्सी. हायस, तुला दिसत असल," ते म्हणाले. मग सुई बाजूला ठेवून, "मना दिसत नाय ता मी बोललू नाय. तुला दिसत नाय ता तू बोललास नाय. दोगांनी मिलून डबाभर मानसांची चाकं बिगडवली."

"ऑपरेशन का नाही केलंत?"

"आमचे गावान एकानं केला. त्याचा डोलाच गेला." मग हळूच म्हणाले, "आनि सायबाला कलला असता ना."

मला रडू आलं आणि ते मी चहात लपवलं. सूनबाईंनी विचारलं, साखर कमी आहे का.

सोमवारी आम्ही दोघं दामलेसाहेबांच्या केबिनमध्ये उभे राहिलो. मी घोकून आलेलं भाषण विसरलो आणि एका दमात सांगून टाकलं. चूक माझी, डोळे त्यांचे, मत माझं, खडे कंपनीचे, असा काहीतरी काला झाला. साहेबांनी दोनदा पुन्हा सांगायला लावलं. शेवटी चष्मा काढून डोळे चोळले.

"मी तुम्हा दोघांनाही काढायला हवं," ते म्हणाले. "काका, ऑपरेशन करून या. मी सुरतेच्या माणसाला थांबवतो. बरे झालात की एक खडा देईन. त्याचं टोक बरोबर ओळखलंत, तर स्टूल तुमचं. नाही ओळखलंत, तर गेट. चालेल?"

"चालल," काका म्हणाले.

ऑपरेशनची तारीख मिळायला दीड महिना लागला. त्या दीड महिन्यात त्यांनी मला शिकवलं. या वेळी खरोखर. "दुसरा डोला मिटू नको, मिटलास की यो पन घाबरतं. भिंग डोल्याला चिकटव, आनि खडा भिंगाकडं ने. खड्याकडं भिंग नेतात ती मानसं दुकानातली." कोपर टेबलावर टेकवायचं. खडा खिडकीच्या उजेडात हळूहळू फिरवायचा. त्याचं अंग एकदम आरशासारखं चमकतं, तेव्हा काही दिसत नाही, नुसता उजेड दिसतो. ती चमक विझते त्या क्षणी थांबायचं. "चमकतंय तवा बगू नको. विजतंय तवा बग."

मी रोज पाहायचो आणि रोज सांगायचो, "नाही दिसत, काका." ते म्हणायचे, "बरा जाला, उद्या बग." पंचविसाव्या की सव्विसाव्या दिवशी चमक विझली आणि तिथे, तपकिरी अंगावर, एकात एक बसलेले बारीक त्रिकोण उमटले. सगळ्यांची टोकं एकाच दिशेला. मी एवढ्या जोरात ओरडलो की खडा चिमट्यातून उडाला. संपतने लेथ बंद करत म्हटलं, "हलू नका."

ऑपरेशन पनवेलला झालं. डॉक्टर म्हणाले, उशीर केलात. एका डोळ्याला बऱ्यापैकी उजेड आला, दुसऱ्याला नावापुरता. काकांना रस्ता दिसू लागला, माणसांची तोंडं दिसू लागली, बसची पाटी दिसू लागली. जाड चष्मा लावून ते कारखान्यात आले तेव्हा मला बघून म्हणाले, "तू एवडा बारीक हायस?"

परीक्षेच्या दिवशी सगळा कारखाना खिडकीपाशी जमला. दामलेसाहेबांनी स्वतः पुडीतून एक खडा काढून दिला. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, भिंग लावलं, कोपर टेकवलं. खडा फिरवायला सुरुवात केली. मी त्यांच्या खांद्यामागे उभा होतो. खडा चमकला, विझला, आणि मी तो ओळखला. शिकताना तो मी भिंगातून अनेकदा पाहिला होता, टोक उजवीकडे असणार.

मी आधीच ठरवून ठेवलं होतं. डावीकडे असेल तर एकदा खोकायचं, उजवीकडे असेल तर दोनदा. काकांना हे सांगितलं नव्हतं, पण एवढ्या हुशार माणसाला कळेलच असा माझा हिशेब. त्यांचा हात फिरत राहिला. एकदा, दोनदा, पाच वेळा. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मी दोनदा खोकलो.

काकांचा हात थांबला. मी पुन्हा दोनदा खोकलो, जरा अर्थपूर्ण.

त्यांनी भिंग खाली घेतलं. मागे वळून माझ्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच एवढ्या स्वच्छ नजरेने. मग खडा कागदावर ठेवला.

"सायब," ते म्हणाले, "मना नाय दिसत." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "पन याला दिसतंय. खोकला बगा कसा, दोनदा. उजवीकडं हाय टोक, ताडून बगा."

साहेबांनी केबिनमधल्या मायक्रोस्कोपखाली ताडून पाहिलं. उजवीकडेच होतं.

"मंग यालाच बसवा. सुरतेला कशाला जाता?" असं म्हणून काका स्टुलावरून उठले. मी 'नाही, काका' असं काहीतरी म्हणत होतो आणि माझे कान लाल झाले होते. आयुष्यात एवढी मोठी बढती कुणाला खोकून मिळाली नसेल. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. स्टूल अजून गरम होतं. मला तिथे बसवत नव्हतं आणि उठवतही नव्हतं. साहेब खिडकीबाहेर बघत होते. संपतने उगाचच लेथ सुरू केला.

पुढे पाच वर्षं काका गेटवर होते. मग घरीच असायचे, आणि एका उन्हाळ्यात गेले. मी तेव्हा कामानिमित्त बाहेर होतो, कळलं तेव्हा तेरावं झालं होतं. शेवटचं भेटणं मला धड आठवत नाही, कुठल्या तरी लग्नात असावं. मला मात्र त्या परीक्षेच्या दिवसाची संध्याकाळच शेवटची भेट वाटते.

आमच्याकडे सुटताना गेटवर कामगारांची झडती व्हायची. खिसे, कॉलर, नखं, कानामागे, पँटची दुमड. केबिनमध्ये बसणाऱ्यांना ती नव्हती. इन्स्पेक्टर म्हणून मी रोज नुसती मान हलवून बाहेर पडायचो. त्या संध्याकाळी मी तसाच निघालो, मान खाली घालून. गेटच्या खुर्चीत काका बसले होते, डोळ्यांवर जाड चष्मा, समोर भराव घातलेलं मैदान. मला वाटलं, त्यांनी आपल्याकडे बघू नये.

ते खुर्चीतून उठले आणि माझ्यापुढे हात आडवा धरला.

"हात वर कर."

"काका, मी..."

"सेटर हायस ना आता? वर कर."

मी हात वर केले. मागे रांग खोळंबली. त्यांनी माझी कॉलर उलटून पाहिली, खिसे बाहेर काढले, एकेक नख बोटाने चाचपलं, वाकून पँटची दुमड सोडवली. एवढी कसून झडती त्यांनी त्या दिवशी दुसऱ्या कुणाचीही घेतली नाही. मग माझी कॉलर नीट करून ते बाजूला झाले आणि म्हणाले, "जा. सकाली चहा पिऊन येऊ नको."